हिंवाळा आणि मोटारगाडी

महाराष्ट्रांत मोटारगाडीची परीक्षा घेणारे ऋतु दोनच : उन्हाळा आणि पावसाळा. वैशाखांतल्या दुपारीं घाट चढतांना रेडिएटरमधलें पाणी उकळावें, बॉनेट उघडून गाडी वळणावर उभी करावी आणि जवळच्या झऱ्यावरून डबाभर पाणी आणण्यास क्लीनरला पिटाळावें, हा येथल्या जुन्या ड्रायव्हरांचा नित्याचा अनुभव. पावसाळ्यांत ओले ब्रेक आणि निसरडे रस्ते त्यांची झोप उडवीत. हिंवाळा मात्र येथें मोटारीचा मित्रच गणला जातो. सकाळीं गाडी थोडी कुरकुरते, मग मुकाट्यानें चालूं लागते. त्यामुळें हिंवाळ्यासाठीं मोटार ‘तयार करणें’ हा शब्दप्रयोगच मराठी श्रोत्यास नवलाचा वाटेल.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे विस्तीर्ण देश आहेत कीं, जेथें वर्षांतले चार-पांच महिने पाणी हें पाणी म्हणून राहतच नाहीं. रशिया, कॅनडा, फिनलंड, नॉर्वे, अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांत, आणि आपल्याच देशांतील लडाख, ही त्यांतलीं ठळक नांवें. अशा मुलखांत मोटार चालवावयाची तर हिंवाळा येण्यापूर्वींच तिची व्यवस्था करावी लागते. ही व्यवस्था मनुष्य कसा शिकला, आणि ज्यांनीं ती केली नाहीं त्यांना काय किंमत द्यावी लागली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटार ही उन्हाळ्यांत मिरवावयाची चीज होती. गाड्या बहुधा उघड्या असत. बर्फ पडूं लागलें कीं, थंड देशांतील पुष्कळ मालक गाडी घोड्याच्या तबेल्यांत नेऊन ठेवीत, टायरांवर भार राहूं नये म्हणून तिच्याखालीं लांकडाचे ठोकळे देत, पाणी काढून टाकीत आणि वसंत ऋतु येईपर्यंत तिला विसरून जात. हिंवाळ्यांत प्रवास करावयाचा तो घोड्याच्या घसरगाडींतूनच. पुढें मोटार ही चैनीची वस्तु न राहतां डॉक्टर, व्यापारी, शेतकरी यांच्या रोजच्या कामाची झाली. आजारी मनुष्य वसंताची वाट पाहत थांबत नाहीं. तेव्हां हिंवाळ्यांतही गाडी चालली पाहिजे, ही गरज उत्पन्न झाली, आणि गाडीचे तीन शत्रु समोर आले. पहिला शत्रु एंजिनांतलें पाणी, दुसरा एंजिनांतलें तेल, आणि तिसरा चाकाखालचा रस्ता.

पाण्याचा स्वभाव विचित्र आहे. बहुतेक पदार्थ थंड होऊन घट्ट झाले कीं आकसतात. पाणी मात्र गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें. एंजिन थंड राखण्यासाठीं त्याच्या भोंवतीं जें पाणी खेळवितात, तें रात्रीं गोठलें कीं आंतून असा दाब देतें कीं, रेडिएटरच्या नळ्या फाटतात आणि एंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या ब्लॉकाला तडे जातात. एका रात्रीच्या आळसानें सबंध एंजिन निकामी होत असे. म्हणून त्या काळचा सावध ड्रायव्हर रोज सायंकाळीं तोटी उघडून सर्व पाणी सोडून देई आणि सकाळीं चुलीवर तापविलेलें पाणी पुन्हां भरी. हें काम कष्टाचें; शिवाय वाटेंत गाडी तासभर उभी राहिली तर काय करावें, हा प्रश्न राहिलाच.

मग पाण्यांत कांहीं मिसळून तें गोठूं द्यावयाचें नाहीं, असे प्रयोग सुरू झाले. क्षार घातला तर पाणी लवकर गोठत नसे, पण क्षारानें धातु खाल्ला जाई. ग्लिसरीन चांगलें, पण घट्ट आणि महाग. अल्कोहोल स्वस्त, पण एंजिन तापलें कीं तें उडून जाई. म्हणजे ज्याच्या भरंवशावर ड्रायव्हर निर्धास्त झोंपला, तें रेडिएटरमध्यें शिल्लक आहे कीं नाहीं, याची खात्री नसे. या अडचणींतून वाट काढणारा पदार्थ वास्तविक पूर्वींच हातीं आला होता. शार्ल-अडॉल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५६ सालीं एथिलीन ग्लायकोल तयार केलें होतें. परंतु मोटारीसाठीं तें बाजारांत येण्यास १९२७ साल उजाडलें. त्या वर्षीं अमेरिकेंत ‘प्रेस्टोन’ या नांवानें तें विकलें जाऊं लागलें. तें सहजासहजीं उडून जात नसे, हाच त्याचा मोठा गुण.

या द्रव्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शुद्ध ग्लायकोल शून्याखालीं सुमारें १३ अंश सेंटिग्रेडवरच गोठतें. पण निम्में ग्लायकोल आणि निम्में पाणी एकत्र केलें तर तें मिश्रण सुमारें ३७ अंश शून्याखालीं जाईपर्यंत टिकतें. एकेकटे दोघेही दुबळे, एकत्र मात्र बळकट. म्हणून ‘थोडें अधिक ओतलें तर अधिक चांगलें’ हा हिशेब येथें फसतो. प्रमाण सांभाळावें लागतें. तें चवीला गोड असून विषारी आहे. यास्तव तें लहान मुलांपासून व पाळीव जनावरांपासून दूर ठेवावें, ही सूचना थंड देशांत प्रत्येक डब्यावर छापलेली असते.

दुसरा शत्रु तेल. थंडींत खोबरेल तेल बाटलींत थिजतें, हें आपल्याकडे प्रत्येक घरांत ठाऊक आहे. एंजिनांतलें तेलही तसेंच दाट होतें, आणि मग एंजिन फिरवणें म्हणजे घट्ट काकवींत रवी घुसळण्यासारखें होतें. त्या वेळीं एंजिन सुरू करण्यास पुढें लोखंडी हँडल लावून तें हातानें फिरवावें लागे. हँडल मारतांना एंजिनानें उलटा झटका दिला तर मनगट मोडे. अमेरिकेंत १९०८ सालीं निघालेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी खेडोपाडीं पोंचली. तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या १९२७ पर्यंत तयार झाल्या. थंडीच्या सकाळीं ती सुरू व्हावी म्हणून तेथील शेतकरी मागलें एक चाक जॅकनें उचलून धरीत. गाडीच्या रचनेमुळें थिजलेलें तेल एंजिनाबरोबर चाकालाही ओढीत असे. चाक अधांतरीं असलें म्हणजे हँडल मारणाऱ्यास सबंध गाडी ढकलावी लागत नसे. ही युक्ति कोणा प्राध्यापकानें शिकविलेली नव्हती. ती गारठलेल्या हातांनीं शोधून काढली होती.

ओहायो प्रांतांतील डेटन गांवीं काम करणाऱ्या चार्ल्स केटरिंग यानें विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत तो बसविला गेला. हँडलाची जागा बटनानें घेतली. परंतु त्याबरोबर एक नवें परावलंबन आलें, तें बॅटरीचें. थंडी बॅटरीचें बळ चोरते. शून्याखालीं १८ अंशांवर शिशाच्या बॅटरीची शक्ति निम्म्यापर्यंत उतरते, आणि नेमकें त्याच वेळीं दाट तेलामुळें एंजिन फिरविण्यास अधिक शक्ति लागते. शिवाय पूर्ण भारलेली बॅटरी ५० अंश शून्याखालींही गोठत नाहीं, पण रिकामी झालेली बॅटरी शून्याच्या थोडें खालीं जातांच गोठून फुटूं शकते. म्हणजे पोट भरलेल्यास थंडी बाधत नाहीं आणि उपाशी असलेल्याचा ती बळी घेते, हा न्याय येथेंही लागू आहे.

तिसरा शत्रु रस्ता, आणि त्याचा जोडीदार म्हणजे कांचेवर साचणारें बर्फ. मेरी अँडरसन ही अमेरिकेच्या अलाबामा प्रांतांतील बाई हिंवाळ्यांत न्यूयॉर्कला गेली असतां ट्रामच्या ड्रायव्हरला गारांच्या पावसांत समोरचें कांहीं दिसत नाहीं, हें तिनें पाहिलें. आंतून दांडा फिरवून कांच पुसण्याच्या साधनाचा हक्क तिनें १९०३ सालीं मिळविला. त्या वेळीं तें विकत घेण्यास कोणी पुढें आलें नाहीं. आज वायपरावांचून गाडी रस्त्यावर येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९०४ सालीं, न्यूयॉर्क प्रांतांतील हॅरी वीड यानें टायरांवर बसवावयाच्या साखळ्यांचा हक्क घेतला. चिखलांत व बर्फांत चाकें घसरूं नयेत म्हणून ड्रायव्हर लोक टायरांभोंवतीं दोर, वेली गुंडाळीत. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. फिनलंडमध्यें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं खास हिंवाळी टायर तयार झाला आणि १९३६ सालीं लहान गाड्यांसाठीं. साधें रबर सुमारें ७ अंशांखालीं कडक होऊं लागतें आणि रस्त्याला धरीत नाहीं. हिंवाळी टायराचें रबर थंडींतही मऊ राहतें आणि त्याच्या खोल खांचा बर्फाला पकडतात, हें त्यांतलें मर्म.

याप्रमाणें १९४० सालापर्यंत हिंवाळ्यावर मात करण्याचीं बहुतेक सर्व साधनें मनुष्याच्या हातीं आलीं होतीं. तरीही साधन ठाऊक असणें आणि तें वेळेवर जवळ असणें यांत केवढें अंतर आहे, तें दुसऱ्या महायुद्धानें दाखविलें.

जर्मनीनें २२ जून १९४१ रोजीं रशियावर स्वारी केली. जर्मनीची यंत्रविद्या त्या काळीं जगांत नांवाजलेली. ग्लायकोल काय, दाट तेल काय, तेथील इंजिनियरांना यांतलें कांहींच अज्ञात नव्हतें. परंतु हिंवाळ्यापूर्वीं मोहीम आटोपेल, असा सेनाधिपतींचा हिशेब होता, आणि म्हणून हिंवाळी सामग्री पुढें पाठविण्याची निकड कोणास वाटली नाहीं. ऑक्टोबरांत पावसानें रस्त्यांचा चिखल केला आणि गाड्या रुतल्या. नोव्हेंबरांत जमीन गोठली, तेव्हां आरंभीं सैन्यास हायसें वाटलें, कारण गाड्या पुन्हां हलूं लागल्या. पण पारा उतरतच राहिला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत तो शून्याखालीं ३० अंशांपर्यंत गेला. रणगाड्यांचा सेनापति गुडेरियन यानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, रणगाड्यांचीं एंजिनें सुरू करण्यास त्यांच्याखालीं जाळ करावा लागे, तेल दाट होई, आणि गोठण थांबविणारें द्रव्य तर मिळतच नसे. मॉस्को शहर कांहीं तुकड्यांपासून तीसएक किलोमीटरांवर उरलें असतांना, ५ डिसेंबर रोजीं, रशियनांनीं प्रतिहल्ला चढविला. मागें हटतांना सुरूच न झालेल्या असंख्य गाड्या जर्मनांना वाटेंत टाकून द्याव्या लागल्या.

जर्मनांचा तेथें पराभव केवळ थंडीनें केला, असें म्हणणें रशियन सैनिकांच्या शौर्यावर अन्याय करण्यासारखें होईल. पुरवठ्याचा लांबलेला रस्ता, थकलेलें सैन्य आणि रशियनांनीं पूर्वेकडून आणलेल्या ताज्या पलटणी हीं कारणें तितकींच मोठीं होतीं. थंडी दोन्ही पक्षांवर सारखीच पडत होती. पण एक पक्ष तिला पिढ्यान् पिढ्या ओळखत होता. रशियाच्या टी-३४ रणगाड्यांत विजेचा स्टार्टर थकला तर दाबून भरलेल्या हवेनें एंजिन सुरू करण्याची सोय होती. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण मराठी असली तरी तिचा अर्थ त्या हिंवाळ्यांत जर्मन सैनिकांना पुरेपूर समजला.

त्याच हिंवाळ्यांत, त्याच देशाच्या उत्तरेस, याच विषयाची दुसरी बाजू दिसली. ८ सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राड शहरास जर्मनांचा वेढा पडला होता. बाहेर पडण्यास जमिनीवरून एकही वाट उरली नाहीं. उरलें तें केवळ पूर्वेचें लाडोगा सरोवर. २० नोव्हेंबरपासून शहरांतल्या नोकरी न करणाऱ्या माणसांस दिवसाला १२५ ग्रॅम पावाचा तुकडा मिळूं लागला, आणि त्यांतही भेसळ होती. एरवीं मोटारीचा वैरी असलेलें बर्फच आतां लाखों माणसांची आशा बनलें. सरोवर केव्हां गोठतें, याची सबंध शहर वाट पाहत होतें.

बर्फ किती जाड झालें म्हणजे काय पेलेल, याचें गणित मांडण्यांत आलें : भाररहित घोड्यास १० सेंटिमीटर, आणि टनभर माल घेतलेल्या ट्रकास २० सेंटिमीटर. आधीं घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, आणि २२ नोव्हेंबर रोजीं ट्रकांचा पहिला तांडा बर्फावर उतरला. बर्फ अद्याप पातळ होतें, म्हणून आरंभीं ट्रकावर थोडींच पोतीं घालीत आणि उरलेला भार मागें जोडलेल्या घसरगाडीवर देत, म्हणजे वजन एका जागीं एकवटत नसे. हे ट्रक बहुतेक दीड टनी होते, आणि ते अमेरिकेंतील फोर्डच्या ट्रकावरून परवान्यानें गॉर्की शहरीं बनविलेले. पुष्कळदां त्यांना स्टार्टर वा बॅटरी चांगली नसे, आणि ड्रायव्हर हँडल मारूनच एंजिन जागें करी. ज्या हँडलाला जग विसरत चाललें होतें, त्यानें तेथें भुकेल्या शहरास पीठ पोंचविलें.

ड्रायव्हरांनीं कितीएक गोष्टी अनुभवानें शिकल्या. बर्फ फुटलें तर उडी टाकतां यावी म्हणून उणें ३० अंशांतही ते ट्रकाचें दार उघडें ठेवून गाडी हांकीत. गाड्या एकमेकींपासून अंतर राखून चालत. शास्त्रज्ञांनीं बर्फावर यंत्रें बसवून पाहिलें, तेव्हां ठराविक वेगानें चालणाऱ्या गाडीमुळें बर्फाखालच्या पाण्यांत लाट उठते आणि तीच बर्फ फोडते, असें आढळलें; तो वेग टाळण्याच्या सूचना दिल्या गेल्या. तरीही शेंकडों ट्रक तळाशीं गेले. २४ एप्रिल १९४२ पर्यंत चाललेल्या या वाटेनें सुमारें ३,६०,००० टन माल शहराच्या बाजूस आला आणि पांच लाखांहून अधिक माणसें वेढ्याबाहेर निघालीं. तरीही भुकेनें त्या हिंवाळ्यांत लाखों माणसें मेलीं. बर्फावरची वाट नसती तर किती मेलीं असतीं, याची कल्पनाच करावी. रशियन लोक तिला ‘जीवनमार्ग’ म्हणतात. वेढा पूर्णपणें उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजीं.

युद्धानंतर हिंवाळी तयारीचें बरेंचसें काम ड्रायव्हराच्या हातून कारखान्याकडे गेलें. थंडींत पातळ राहणारें आणि उष्णतेंत अंग न सोडणारें तेल निघालें. आज तेलाच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ असा जो आंकडा असतो, त्यांतला डब्ल्यू म्हणजे इंग्रजी हिंवाळाच. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा प्रांतांतील अँड्रू फ्रीमन यानें विजेनें एंजिन ऊबदार ठेवणाऱ्या साधनाचा हक्क १९४९ सालीं मिळविला. कॅनडाच्या थंड प्रांतांत गाड्या उभ्या करण्याच्या जागीं विजेचे खांब असतात, तेथें रात्रभर गाडीची तार जोडून ठेवतात. स्वीडनमध्यें १९९९ सालापासून हिंवाळी टायर कायद्यानें सक्तीचे झाले.

या गोष्टी परदेशच्याच आहेत असें मात्र नाहीं. साडेअकरा हजार फूट उंचीचा झोजीला ओलांडून लडाखमध्यें जाणाऱ्या सैन्याच्या गाड्यांवर महाराष्ट्रांतले ड्रायव्हरही असतात. ज्याचें बालपण सोलापूरच्या उन्हांत गेलें, त्याला पहांटे उठून एंजिन फिरवून पाहणें, चाकांस साखळ्या चढविणें, हें सारें नव्यानें शिकावें लागतें. तेथें डिझेलमधलें मेण थंडीनें साकळून गाळणी बुजवितें. इंडियन ऑइलनें २०१९ सालीं लडाखसाठीं खास हिंवाळी डिझेल काढलें. तें शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत वाहतें राहतें. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींसही हिंवाळा सुटलेला नाहीं. नॉर्वेंत २०२४ सालीं विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकीं जवळजवळ नऊ विजेच्या होत्या; परंतु थंडींत त्यांची बॅटरी कमी अंतर चालते, म्हणून निघण्यापूर्वीं ती ऊबदार करून घ्यावी लागते. शंभर वर्षांपूर्वीं चुलीवर पाणी तापविणारा ड्रायव्हर आणि आज बॅटरी तापविणारा मालक, दोघांचें काम एकच.

थंड देशांत हिंवाळ्यापूर्वीं करावयाच्या कामांची यादी आजही तीच आहे : पाण्यांतल्या मिश्रणाचें प्रमाण तपासणें, ऋतूस योग्य तेल घालणें, बॅटरी भारलेली ठेवणें, टायर बदलणें, वायपर व दिवे पाहणें, आणि गाडींत एक फावडें, एक कांबळें व थोडें खाद्य ठेवणें. यांतलें एकही काम अवघड नाहीं, आणि सर्व मिळून एका दिवसांत होतात. शेवटच्या दोन वस्तु गाडीसाठीं नसून माणसासाठीं आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कारण बर्फांत अडकलेल्या गाडीची दुरुस्ती उद्यां होऊं शकते, माणसाची होत नाहीं. थंडीशीं कोणास वाटाघाट करतां येत नाहीं. ती आपल्या वेळीं येते, मोठ्या सेनापतीस सूट देत नाहीं आणि साध्या ड्रायव्हरवर राग धरीत नाहीं. कोणी आश्विनांत काय करून ठेविलें, एवढेंच ती पौषांत पाहते.